फोर-व्हील लावूनही बर्फाच्या घाटात गाडी घसरते, हिसके देते, मोड अडकतो: कारणं आणि उपाय

बर्फाळ घाटरस्त्यावर फोर-बाय-फोर चालवणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. फोर-एच (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावलं तरी चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. वळणात गाडी हिसके देते, स्टिअरिंग जड होतं. बर्फ संपल्यावर नॉब टू-एचवर, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या मोडवर आणला तरी डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकतच राहतो. आणि सगळ्यात धोक्याची तक्रार म्हणजे चढ झोकात चढून गेलेली गाडी पलीकडच्या उतारावर ब्रेक लावताच सरळ कठड्याकडे घसरत जाते.

या चारही तक्रारींत बहुतेक वेळा गाडी धडधाकट असते. चुकलेला असतो तो मोड आणि चाकाखालचा रस्ता यांचा मेळ. त्यामुळे गॅरेज गाठण्याआधी खाली दिलेल्या क्रमाने तपासून बघा.

आधी आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते पाहा

मागे ‘फोर-बाय-फोर’ असा बिल्ला असलेल्या दोन गाड्यांची आतली रचना पार वेगळी असू शकते, आणि एकीला लागू पडणारा सल्ला दुसरीचं नुकसान करू शकतो.

पार्ट-टाइम प्रकारात टू-एच, फोर-एच आणि फोर-एल (चार चाकं, कमी वेग आणि जास्त ताकद) असे मोड असतात. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत, पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दांडे, म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट, एकमेकांना पक्के जोडले जातात आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात. मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतं. सुझुकी जिमनी किंवा महिंद्रा थार या अशा गाड्या.

फुल-टाइम प्रकारात चारही चाकांना कायम ताकद जाते, पण मधल्या डिफरन्शियलमुळे पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. गरज पडली तर ते डिफरन्शियल लॉक करता येतं. तिसरा प्रकार ऑन-डिमांड ऑल-व्हील ड्राइव्हचा. एरवी गाडी दोनच चाकांवर चालते आणि घसरण जाणवली की क्लचच्या चकत्या दाबल्या जाऊन उरलेल्या दोन चाकांना ताकद मिळते. अशा गाडीत बहुतेकदा फोर-एल नसतं, फक्त ‘स्नो’ किंवा ‘ऑटो’ असं बटण असतं.

नुसत्या नावावर मात्र जाऊ नका. मित्सुबिशी पजेरोच्या सुपर सिलेक्ट प्रणालीत फोर-एच हा मोड मधल्या डिफरन्शियलसकट चालतो, म्हणून तो कोरड्या डांबरावरही चालतो, आणि लॉक केलेल्या मोडला तिथे वेगळं नाव आहे. जिमनीच्या फोर-एचला ही मुभा नाही. अक्षरं तीच, काम वेगळं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ‘हा मोड कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरू नका’ असं वाक्य आहे का, एवढं शोधा. ते सापडलं की तुमचा मोड लॉक होणारा आहे असं समजा. पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

वळणात हिसके, आणि नंतर फोर-एचमधून सुटका नाही

ही तक्रार सर्वाधिक येते, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

वळण घेताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा फेर घेतात. समजा गाडीच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर अडीच मीटर आहे आणि घाटातल्या अगदी आवळ वळणात मागचा आस पाच मीटर त्रिज्येने वळतोय. गाडी पूर्ण उलट दिशेला तोंड करेपर्यंत मागचा आस १५.७ मीटर चालतो, तर पुढचा १७.६ मीटर. म्हणजे एका वळणात जवळपास १.९ मीटरचा फरक. साधारण ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा एक फेरा २.२ मीटरचा धरला, तर हा फरक जवळजवळ एका अख्ख्या फेऱ्याएवढा झाला.

शाफ्ट पक्के जोडलेले असताना हा फरक जाणार कुठे? बर्फावर चाक थोडं सरकतं आणि हिशेब तिथेच मिटतो, कुणाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर टायर सरकायला तयार नसतो, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट, गिअर आणि सांध्यांमध्ये पिळासारखा साठत जातो. वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग हाताला जड लागतं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडते, एखादा टायर ‘चर्र’ करतो आणि मग खालून ‘कट्‌’ असा आवाज येऊन गाडी एकदम पुढे सुटते. तो आवाज म्हणजे साठलेला पीळ टायर घसरून मोकळा झाल्याची खूण. पीळ मोकळा झाला नाही, तर तो ट्रान्सफर केसच्या दातांना इतका घट्ट धरून ठेवतो की नॉब टू-एचवर नेला तरी आतला कॉलर, म्हणजे दोन्ही शाफ्ट जोडणारं सरकतं कडं, सरकतच नाही. दिवा लुकलुकत राहतो तो म्हणूनच.

अशा वेळी लिव्हरवर जोर करू नका, नॉब पुढे-मागे फिरवत बसू नका. टू-एच निवडून ठेवा, मोकळी आणि सपाट जागा पाहा आणि गाडी सरळ रेषेत काही मीटर हळूच मागे घ्या. बहुतेकदा तेवढ्यात सुटते. नाही सुटली तर पुढे जाताना अगदी सावकाश स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत चला आणि एक्सलरेटरवरचा पाय मधूनमधून सोडा, म्हणजे शाफ्टवरचा भार क्षणभर उतरतो. रस्त्याकडेला खडी किंवा बर्फाचा पट्टा असेल तर एका बाजूची चाकं त्यावरून न्या. चाक जरा सरकलं की दिवा आपोआप विझतो.

आता मूळ कारणाकडे. बर्फाचा घाटरस्ता अखंड पांढरा क्वचितच असतो. उन्हाकडच्या बाजूला काळं कोरडं डांबर, वळून सावलीत गेलं की बर्फ, पुढे पुन्हा डांबर. अशा चट्ट्यापट्ट्यांच्या रस्त्यावर पार्ट-टाइम गाडीचा चालक सकाळी एकदा फोर-एच लावतो आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतो. तिथेच बिनसतं. बहुतेक गाड्यांत टू-एच आणि फोर-एच यांच्यामधली अदलाबदल चालत्या गाडीत करता येते, त्यासाठीची वेगमर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. अदलाबदल करताना चाकं सरळ हवीत, पाय एक्सलरेटरवरून उचललेला हवा आणि कोणतंही चाक त्या क्षणी घसरत नसावं. मागची चाकं भरधाव फिरत असताना फोर-एच लावणं म्हणजे थांबलेल्या पुढच्या शाफ्टवर घाव घालणं.

माझा सल्ला असा, की सरळ पट्ट्यावर थोडं कोरडं डांबर लागलं तर फोर-एच राहू द्या, काही बिघडत नाही. पण आवळ वळण पूर्ण कोरडं दिसत असेल तर त्याआधीच्या सरळ भागात टू-एच करा, आणि पुढचं वळण सावलीत असेल तर तिथे पोचण्याआधी पुन्हा फोर-एच. नजर एक वळण पुढे ठेवायची. बर्फात चाक फिरायला लागल्यावर मोड शोधू नये, तो आधीच लागलेला असावा. ‘ऑटो’ मोड असलेल्या गाड्यांना ही कसरत करावी लागत नाही. चट्ट्यापट्ट्यांच्या रस्त्यासाठी तोच मोड उत्तम.

हिसके सरळ रस्त्यावरही जाणवत असतील तर टायर तपासा. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील तर त्यांचा घेर वेगळा होतो, आणि मग गाडी सरळ चालतानाही पीळ साठत राहतो. ऑन-डिमांड गाडीत याच फरकामुळे क्लच विनाकारण तापतो. चारही टायर एकाच आकाराचे, एकाच बनावटीचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत, हवेचा दाबही पुस्तिकेप्रमाणे असावा. थंडीत दाब आपोआप उतरतो, साधारण दर ५ ते ६ अंश सेल्सिअसला एक पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक). खाली उबदार हवेत भरलेली हवा वर थंडीत कमी भरते, म्हणून दाब वर पोचल्यावर, टायर थंड असताना पुन्हा मोजावा.

फोर-एच लागलंय, तरी चाकं जागेवरच फिरतात

पहिला प्रश्न: पुढची चाकं खरोखर जोडली गेली आहेत का? कुणाला तरी बाहेर सुरक्षित अंतरावर, बाजूला उभं करा आणि बर्फावर हळूच गाडी सोडा. फक्त मागचीच चाकं फिरत असतील तर पुढे ताकद पोचतच नाही.

जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या मधोमध, चाक शाफ्टला जोडणारं किंवा सोडवणारं, हाताने फिरवायचं हब असतं. खाली उतरून, बर्फ आणि चिखल खरवडून काढल्याशिवाय त्यावरची खूण दिसतही नाही. ती ‘फ्री’कडे असेल तर आत लिव्हर कुठेही असो, पुढची चाकं नुसती घरंगळत असतात. दोन्ही बाजूंची हब ‘लॉक’वर हवीत. एक लॉक आणि एक फ्री असेल तरी उपयोग नाही, कारण डिफरन्शियल सगळी ताकद फ्री असलेल्या बाजूला वाया घालवतं. हे काम घाट लागण्याआधी, कोरड्या जागी उरकावं. हब लॉक असतानाही गाडी टू-एचमध्ये बिनधास्त चालते. काही गाड्यांत हब व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या, जोरावर आपोआप लागतात. त्यांच्या बारीक रबरी नळीला चीर पडली किंवा ती निसटली तर दिवा लुकलुकत राहतो आणि पुढच्या चाकाकडून घरघर ऐकू येते. ही मात्र मेकॅनिकने बघायची गोष्ट.

दुसरा प्रश्न: चारही आस-शाफ्ट जोडलेले असूनही दोनच चाकं फिरताहेत का, एक पुढचं आणि त्याच्या तिरपं समोरचं एक मागचं? मग यंत्रणा नीट चालली आहे. फोर-एच फक्त पुढचा आणि मागचा शाफ्ट जोडतं. प्रत्येक आसावर डावं आणि उजवं चाक यांच्यामध्ये साधं डिफरन्शियल असतंच, आणि ज्या चाकाखाली पकड कमी ते चाक आधी फिरतं. हल्लीच्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल अशा फिरत्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणजे ताकद त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाकडे वळते. तेव्हा खालून कुर्रकुर्र आवाज येतो, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि घाबरून लोक पाय काढतात. काढू नका. एक्सलरेटर हलका आणि एकसारखा धरून यंत्रणेला दोन-तीन सेकंद काम करू द्या.

याला एक अपवाद आहे. खोल, भुसभुशीत बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल कधीकधी इंजिनची ताकद इतकी कापतं की गाडी हलतच नाही. तिथे तेवढ्यापुरतं बटण बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू मागे-पुढे झुलवून बाहेर काढा आणि निघाल्याबरोबर बटण पुन्हा चालू करा.

डिफरन्शियल लॉक असेल तर तो फक्त रुतल्यावर, सरळ रेषेत आणि अगदी कमी वेगात लावायचा. घाटातला रस्ता एका बाजूला उतरता असतो. मागचा आस लॉक असताना दोन्ही चाकं एकदम सुटली तर गाडीचा मागचा भाग त्या उताराकडे आडवा सरकू लागतो, आणि उताराची बाजू दरीची असेल तर पुढचं सांगायला नको. बाहेर निघालात की लॉक काढा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण टायर. चारही चाकांना ताकद देऊन जी पकड मुळात नाही ती निर्माण होत नाही. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेलं असेल तर ती फक्त नक्षीची जात. नक्षीची खोलीही महत्त्वाची. ऑस्ट्रियात हिवाळी टायर म्हणून धरायला किमान ४ मिलिमीटर नक्षी लागते, आणि मला हा आकडा कुठल्याही बर्फाळ रस्त्यासाठी रास्त वाटतो. माझ्याकडे निवड असेल तर झिजलेल्या टायरांच्या फोर-बाय-फोरपेक्षा चांगल्या हिवाळी टायरांची, दोनच चाकांना ताकद मिळणारी साधी गाडी मी आनंदाने घेईन.

टायरपुढची पायरी साखळ्यांची. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरी रस्त्यांवर बर्फाच्या दिवसांत तीन टप्प्यांचे निर्बंध लागतात. दुसऱ्या टप्प्यात चारही चाकांवर बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील गाडीला साखळ्या न चढवता जाऊ देतात, पण त्या जवळ बाळगाव्याच लागतात. तिसऱ्या टप्प्यात कुणालाच सूट नाही. फोर-व्हीलची मर्यादा कुठे संपते हे यावरून नेमकं कळतं. साखळ्यांची एकच जोडी असेल तर ती कोणत्या चाकांवर चढवायची ते पुस्तिकेप्रमाणेच ठरवा. फक्त मागे चढवल्या तर वळणात पुढचा भाग सरळ जाऊ पाहतो, फक्त पुढे चढवल्या तर उतारावर मागचा भाग फिरू पाहतो. चार चाकांना चार, हे सर्वांत निर्धोक.

फोर-एल कधी

फोर-एलबद्दल एक चुकीचा समज फार पसरलाय, की बर्फ जास्त तर फोर-एल. फोर-एलमुळे पकड वाढत नाही, चाकावरची ताकद वाढते आणि वेग कमी होतो. जिमनीत हे प्रमाण साधारण दुप्पट आहे, जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये चौपट. निसरड्यावर वाढलेली ताकद म्हणजे चाक आणखी पटकन सुटणार. दाबलेल्या बर्फाच्या साध्या चढावर फोर-एच आणि वरचा गिअर हेच बरोबर. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडा, चढाच्या पायथ्याशीच वेग ठरवा आणि मधे गिअर बदलू नका. ‘स्नो’ बटणही बहुतेक गाड्यांत हेच करतं, एक्सलरेटरचा प्रतिसाद मवाळ करतं आणि काही गाड्यांत दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात करून देतं.

फोर-एल लागतं ते उभ्या चढावर, खोल बर्फातून मुंगीच्या पावलाने जाताना आणि उभ्या उतारावर. बहुतेक गाड्यांत त्यासाठी गाडी थांबवून गिअर न्यूट्रल करावा लागतो, म्हणून ते चढाच्या मध्यावर नाही, पायथ्याशीच लावायचं. अनेक गाड्यांत फोर-एल लावताच ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) आपोआप बंद होतं, हेही लक्षात असू द्या. वेग वाढवायचा नाही.

चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी वळवायला जाऊ नका. आडवी झालेली गाडी बर्फावर सरकते किंवा उलटते. ब्रेक धरून रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनच्या धाकात सरळ मागे या.

उतारावर फोर-व्हील काय करतं, काय करत नाही

ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात. म्हणून थांबण्याच्या बाबतीत फोर-बाय-फोर आणि साधी गाडी सारखीच, उलट वजनदार गाडीला वळणावर आवरणं कठीण. ताशी ४० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटर सहज लागतात, आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या पुढे. त्यात ब्रेकवर पाय पोचेपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. हे सपाट रस्त्याचं झालं, उतारावर अंतर आणखी वाढतं. चढताना चाकं छान पकडत होती म्हणून त्याच वेगाने उतरणारी गाडी पहिल्याच वळणात हा फरक दाखवते.

उतारावर फोर-एचचा खरा फायदा इंजिन ब्रेकिंगचा आहे. टू-एचमध्ये इंजिनचा सगळा रोध मागच्याच दोन चाकांवर येतो. ती अडली की मागचा भाग पुढे यायला बघतो. फोर-एचमध्ये तोच रोध चार चाकांवर वाटला जातो आणि गाडी सरळ राहते. त्यामुळे बर्फाळ उतार सुरू होण्याआधी, वरच्या सपाटीवरच फोर-एच लावून खालचा गिअर घ्या आणि वेग सरळ भागातच कमी करा. फोर-एलचा पहिला गिअर मात्र काचेसारख्या बर्फावर फार कडक पडतो. चाकं रस्त्याच्या वेगापेक्षा हळू फिरू लागून घसरतात. तसं जाणवलं तर एक्सलरेटर अगदी किंचित द्या, चाक पुन्हा फिरू लागतं. दुसरा गिअर बहुधा बरा. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पंप करू नका, एकसारखा धरून ठेवा आणि स्टिअरिंग वळवत राहा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी यंत्रणा) वापरायला हरकत नाही, पण तेही शेवटी ब्रेकवरच चालतं. पकड नसेल तिथे तेही हतबल. वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल बर्फावर पूर्ण बंद.

शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. उणे १५ अंशांवरचा बर्फ त्या मानाने पकड देतो. दुपारी वितळून रस्त्यावर आलेलं पाणी संध्याकाळी सावलीच्या वळणावर आणि पुलांवर आधी गोठतं. सकाळी ज्या वेगाने गेलात तो संध्याकाळी परतताना विसरा.

ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी

डॅशबोर्डवर ‘सिस्टिम तापली आहे’ अशा अर्थाचा इशारा आला आणि मागची चाकं ओढेनाशी झाली, तर क्लचने स्वतःला वाचवण्यासाठी हात वर केलेत. खोल बर्फात बराच वेळ चाकं फिरवत राहिलं की हे होतं. सुरक्षित जागी थांबून तो थंड होऊ द्या. लॉक बटण असेल तर ते बर्फात शिरण्याआधी दाबा, रुतल्यावर नाही. दोन मोटरच्या इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच होणारं रिजनरेटिव्ह ब्रेकिंग सौम्य ठेवा. निसरड्यावर तेही चाक अडवू शकतं.

रुतल्यावर आणि रात्री गाडी लावताना

पोटाखाली बर्फ दाबला गेला की गाडी पोटावर बसते, चाकांवरचं वजन उतरतं, मग कुठलाही मोड लावा. आधी फावड्याने पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ काढा. इंजिन चालू ठेवून आत बसणार असाल तर सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना, हे उतरून पाहा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहा. ते बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

रात्री सपाट जागा मिळाली तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना अडण लावा. लिव्हरच्या ट्रान्सफर केसमध्ये फोर-एच आणि फोर-एलच्या मध्ये न्यूट्रल असतं. लिव्हर चुकून तिथे राहिली तर गिअर टाकलेला असो की ऑटोमॅटिकचा ‘पी’, गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून उतरण्याआधी लिव्हर फोर-एचमध्ये पूर्ण बसली आहे याची खात्री करा, ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून गाडी जागची हलत नाही ना ते बघा आणि मगच दार उघडा.